आम्ही कुणाच्या नोकर नाही

आमच्याकडे कंत्राटदार म्हटला की तो पांढरे बूट घालतो. तो रस्ता बांधतो, पावसात रस्ता वाहून गेला की पुन्हा तोच बांधतो, आणि दोन्ही वेळेला त्याच्या गळ्यात हार पडतो. मी जन्मात पांढरे बूट घातले नाहीत, हार तर लग्नानंतर कुणी घातलाच नाही. मी चौथी पास बाई. दिवेआगरात एका शेठच्या घरी पाहुण्यांचा स्वयंपाक करते. तरी मी अलिबागला सरकारी कचेरीत बसून, टेबलावर हात आपटून, मी कंत्राटदार आहे असं सांगून आले. आणि तेही ज्या बाईच्या बाजूने साक्ष द्यायला गेले होते तिच्या समोर.

वादळ आलं तेव्हा आमच्याकडच्या वाड्या आडव्या झाल्या. सुपारी पडली, नारळ पडले, आणि सुपारी सोलणाऱ्या आम्ही बायका रिकाम्या बसलो. शेठचा बाप वाडी सांभाळून गेला होता. शेठ मुंबईत कुठेतरी कंपनीत होता. तो आला, पडलेली झाडं बघितली, थोडा रडला आणि मग झाडांच्या जागी खोल्या बांधल्या. सुपारीला वाढायला वर्षं लागतात, खोली पावसाळ्याच्या आत उभी राहते. पाहुणे यायला लागले. पाहुण्यांना मासे पाहिजेत, घावन पाहिजे, उकडीचे मोदक तर बारा महिने पाहिजेत. आम्ही बौद्ध, आमच्या घरी गणपती बसत नाही. पण माझ्यासारखा मोदक दिवेआगरात कुणाला वळता येत नाही, हे मी सांगते असं नाही, खाणारे सांगतात.

स्वयंपाकघरात मी आणि माझी शेजारीण. मी चूल आणि मासे बघायचे, ती नारळ खवायची, भात लावायची, भांडी घासायची आणि तोंड चालवायची. तिचा नवरा बोटीवर असतो. असतो म्हणजे कुठेतरी असतो. दोन पोरी आहेत, त्यांचं सगळं हिच्याच हातावर.

शेठला सुरुवातीला आम्ही शेठच म्हणायचो. मग एकदा तो कागद घेऊन आला.

“मावशी, आजपासून मला शेठ म्हणायचं नाही. भाऊ म्हणायचं. आता आपण सगळे पार्टनर.”

“म्हणजे खोल्यांचे पैसे वाटून घ्यायचे?” शेजारणीने लगेच विचारलं.

“तसं नाही गं. म्हणजे तुम्ही आता माझ्या नोकर नाही. तुम्ही स्वतंत्र कंत्राटदार. तुमच्या मर्जीच्या मालकीण. इथे सही करा.”

मालक जेव्हा सांगतो मला मालक म्हणू नका, तेव्हा बाईने जरा सावध व्हावं. पण मला त्या वेळी ते ऐकून बरं वाटलं, ते का, ते सांगते. माझा बाप गावकीची कामं करत असे. सांगावा नेणं, मेलेलं ढोर ओढणं, कुणाच्या दारात उभं राहून शिळं मागणं. धम्म घेतल्यावर त्याने ते सगळं टाकलं. मी तेव्हा रांगत असेन. पुढे तो मजुरी करायचा, दगड फोडायचा, पण आमच्यापैकी कुणी ‘मी अमक्याचा नोकर’ म्हटलं की त्याचा हात उठायचा. त्यामुळे शेठ म्हणाला की तुम्ही नोकर नाही, तेव्हा मी त्याच्या हातून पेन घेतलं आणि माझं पूर्ण नाव लिहिलं. आडनावासकट. शेजारणीने माझं बघून लिहिलं.

त्यानंतर बदललं काय? काही नाही. भाऊ सकाळी फाटकापाशी घड्याळ बघत उभा, कारण पाहुण्यांना उजाडल्या उजाडल्या चहा लागतो. डोक्याला टोपी घाला. बांगड्या काढा. रस्सा कमी तिखट, पुण्याचे पाहुणे आहेत. सुरमईला रवा लावा, तांदळाचं पीठ नको, फोटोत चांगलं दिसत नाही. खिशात चमचा घेऊन फिरायचा आणि प्रत्येक टोपात बुडवायचा. आम्ही दोन दिवस भाऊ म्हटलं, मग आपोआप शेठवर आलो.

आमच्याही दोन खोडी होत्या, त्या सांगायला पाहिजेत, कारण पुढे त्यांनीच घोळ केला. आमच्याकडच्या बायका कुठेही कामाला गेल्या तरी विळी आपली नेतात. दुसरीच्या विळीवर बसलं की बोट कापतं, आणि आपल्या विळीवर दुसरी बसली की धार जाते. शेठने शहरातून चांगल्या सुऱ्यांचा डबा आणला होता. तो अजून डब्यातच आहे. आणि दुसरं म्हणजे, मला ताप आला तर मी जावेला पाठवते. तिला सांगते, माझी जागा धरून बस. सुपारी सोलताना आम्ही असंच करायचो. जागा रिकामी ठेवली की दुसरी कुणीतरी पदर खोचून तिथे बसते आणि मग उठत नाही. याला कुणी कंत्राट म्हणेल असं आमच्या डोक्यातही नव्हतं.

मग शेजारणीचा पाय भाजला. सुट्टीचा मोठा गट आला होता, जेवायला बसला होता, शेठ दारातून ओरडत होता, “भात! भात!” मोठा टोप पेज काढायला दोघींनी धरायचा असतो. माझे हात मोदकाच्या पिठात. मी म्हटलं थांब, ती म्हणाली तुमचं थांब म्हणजे उद्या सकाळ. एकटीने उचलला. टोप सटकला आणि उकळती पेज पायावर.

शेठ वाईट माणूस नाही. त्याने तिला स्वतःच्या गाडीत घातलं, बोर्लीच्या डॉक्टरकडे नेलं, तिथून मोठ्या दवाखान्यात नेलं, पहिलं बिल भरलं. गाडीची सीट खराब झाली त्याबद्दलही काही बोलला नाही, निदान त्या दिवशी. पण पाय नीट भरला नाही. डॉक्टर म्हणाले मांडीची कातडी काढून पायाला लावावी लागेल, नाहीतर बोटं अशीच चिकटलेली राहतील आणि ही आयुष्यभर लंगडेल. आणि तिथे शेठचा वकील आला.

“मनात आहे हो मावशी,” शेठ मला म्हणाला, “पण वकील म्हणतो, आता पैसे दिले तर त्या माझ्या नोकर आहेत असं मीच कबूल केल्यासारखं होईल. त्या कंत्राटदार. कंत्राटदाराचा पाय कंत्राटदाराने बघायचा.”

“आणि तिची जागा?”

“कंत्राट संपलं की संपलं, असं तो म्हणतो.”

शेजारणीच्या भाच्याने मोबाईलवर बघून तिला भरपाईचा अर्ज लिहून दिला. अलिबागच्या कचेरीतून बोलावणं आलं, दोन्ही बाजूंना. तिने साक्षीला मला घेतलं.

आता दिवेआगरहून अलिबागला जायचं तर दिघीला जाऊन बोटीत बसायचं, आगरदांड्याला उतरायचं, तिथून मुरूड, काशीद करत वर. भाजलेला पाय घेऊन एसटी बदलत कशी जाणार? आदल्या संध्याकाळी शेठचा निरोप आला, मी पण तिकडेच चाललोय, गाडीत जागा आहे. भांडण त्याच्याशी, गाडीही त्याचीच. मी म्हटलं, जाऊया, पेट्रोल त्याचं जाईल.

पुढे शेठ आणि वकील. मागे शेजारीण आडवी, पाय उशीवर, आणि तिच्या पायाशी मी कोपऱ्यात चिमटलेली. मी घावन आणि चटणी बांधून घेतली होती. बोटीवर डबा उघडला तर वकील मागे वळला.

“मावशी, हे तुम्ही केलेत?”

“नाही, तुमच्या अशिलाने. आम्ही नुसत्या पार्टनर.”

त्याने मागून मागून खाल्ले. शेजारीण माझ्या कानाशी लागली. “काकी, तिथं फाटे फोडू नका. एवढंच सांगा, आमी शेठकडं कामाला हाव, शेठ सांगतो तसं करतो. बास.”

“सांगते की. मला काय बोलता येत नाही?”

“येतं, त्याचंच भ्या वाटतं.”

कचेरीत अधिकारी म्हणून एक बाई होत्या. चष्मा, साधी साडी, पंखा बंद म्हणून हातात फाईल घेऊन वारा घेत होत्या. आधी त्यांनी शेजारणीला विचारलं, ती व्यवस्थित बोलली. मग वकील उठला आणि माझ्याकडे आला. माझे घावन पोटात असलेला माणूस, म्हटलं हा काय वाकडं विचारणार.

“मावशी, तुमच्या हाताला चव आहे हो. स्वयंपाक तुम्हाला कुणी शिकवला?”

“कोण शिकवणार? माझा मी शिकले.”

“म्हणजे भाऊंनी नाही शिकवला?”

“त्याला अंडं उकडता येत नाही.”

शेठ खुर्चीत हलला.

“विळी वगैरे कुणाची वापरता?”

“माझी. दुसऱ्याची मी हातात धरत नाही.”

“आजारी पडलात तर?”

“जावेला पाठवते. माझ्या जागेवर मी कुणाला बसवायचं ते मी ठरवते.”

“वा! आणि इतर कुणाची कामं घेता?”

“चतुर्थीला अख्खं गाव माझ्या मोदकांसाठी दारात उभं असतं.”

शेजारीण मागून माझा पदर ओढत होती. मला वाटलं, सरळ बस म्हणते आहे. मी सरळ बसले.

“शेवटचं विचारतो,” वकील म्हणाला. त्याचं तोंड आता लोण्यासारखं मऊ झालं होतं. “तुम्ही भाऊंच्या नोकर आहात का?”

इथे मी हात आपटला. “नोकर? मी कुणाची नोकर नाही! माझ्या बापाने ती कामं सोडली. मी सही करून स्वतंत्र कंत्राटदार झाले आहे, विचारा त्याला!”

वकील बसला. त्याने पेनाला टोपण लावलं. शेजारीण हळूच म्हणाली, “गेला माझा पाय.”

तेव्हा मला उमगलं. सगळं नाही, पण ज्या खुर्चीवर बसले होते ती कुणाच्या बाजूला ओढली गेली ते उमगलं. निसटलेलं परत घ्यायला मी पुन्हा तोंड उघडलं, तर बाईंनी हाताने थांबवलं आणि शेठकडे वळल्या.

“मावशी स्वतंत्र आहेत म्हणतात. बरोबर?”

“एकदम बरोबर, मॅडम.”

“म्हणजे उद्या त्यांनी सोलकढीऐवजी ताक ठेवलं, तर तुम्ही काही म्हणणार नाही.”

शेठ गोंधळला. “ताक? माशांबरोबर?”

“त्यांची मर्जी. कंत्राटदार आहेत. तुम्हाला जेवण मिळाल्याशी मतलब.”

“असं कसं मॅडम? पाहुणे सोलकढी प्यायला येतात!”

वकील म्हणाला, “भाऊ, एक मिनिट...” पण शेठचं किचन म्हणजे शेठचा जीव. मी त्याला ओळखते. तो आता थांबणार नव्हता.

“आणि रवा न लावता मासे तळले तर?” बाईंनी विचारलं.

“तळूनच दाखवू दे! मॅडम, माझ्या किचनमध्ये मीठसुद्धा मला विचारून पडतं!”

खरं तर मी इथे गप्प बसायला पाहिजे होतं. शेजारणीचं भलं त्यातच होतं, हे एव्हाना मला कळतही होतं. पण माणसाने डोळ्यांदेखत इतकं खोटं बोलावं?

“मीठ? मीठ तुला विचारून?” मी उठलेच. “तू चमचा बुडवून जातोस, मान हलवतोस, तुझी पाठ फिरली की मी माझ्या अंदाजाने घालते! नाहीतर पाहुणे पळून गेले असते!”

“म्हणून गेल्या आठवड्यात रस्सा खारट झाला होता!”

“खारट तुझ्या सासुरवाडीचा!”

“बघा मॅडम, बघा, कशा बोलतात! सकाळी उशीर झाला तर मी स्वतः गेटवर उभा असतो. केस न बांधता आली म्हणून यांची जाऊ मी एकदा परत पाठवली आहे. मी! यांनी ठरवून काय होतंय? मी पास केल्याशिवाय माझ्या किचनमध्ये कुणी पाय ठेवत नाही!”

“मी पाठवलेली माणसं तू परत पाठवतोस? मला कधी सांगितलं नाहीस ते!”

“तुम्हाला सांगायला तुम्ही कोण? किचन माझं!”

“हात माझे!”

थोड्या वेळाने आमच्या दोघांच्याच लक्षात आलं की खोलीत दुसरं कुणी बोलत नाही. बाई लिहीत होत्या. वकील छताकडे बघत होता. शेजारीण पदर तोंडात कोंबून बसली होती, मला वाटलं रडते आहे, तर तिचे खांदे हसण्याने हलत होते. तेव्हा हिशेब माझ्या ध्यानात आला. मी सगळा वेळ शेठचा दावा मांडत होते आणि शेठ सगळा वेळ तिचा.

बाईंनी पेन ठेवलं. मला वाटलं मोठं भाषण करतील, पण त्या घरच्यासारख्या बोलल्या. “भाऊ, तुम्ही विहीर खणायचं कंत्राट देता. पाणी लागल्याशी तुमचं काम. तो कुदळ कशी धरतो, किती वाजता येतो, डोक्याला काय बांधतो, हे तुम्ही विचारत नाही. तो कंत्राटदार. इथे तर मीठ, रवा, वेळ, केस, सगळं तुमच्या हुकमात. मग कागदावर पार्टनर लिहा, नाहीतर महाराणी लिहा. कामाला ठेवलेलं माणूस ते कामाला ठेवलेलंच.”

“पण त्या ऐकत नाहीत हो माझं,” शेठ म्हणाला. आता त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता.

“न ऐकणारा नोकर हाही नोकरच असतो.”

मला तो शब्द टोचला. मी म्हटलं, “बाई, विळी माझी आहे, ते धरलं नाही का?”

“धरलं. पण एका विळीने स्वयंपाकघर तुमचं होत नाही, मावशी. चूल, टोप, खोल्या, पाहुणे सगळे त्यांचे. तुमचा स्वतःचा धंदा कुठे आहे यात?” मग जरा थांबून म्हणाल्या, “यात कमीपणा काही नाही. तुमचा पाय भाजला तर तो कुणी बघायचा, एवढंच यातून ठरतं.”

“मग शब्द बदला.”

“कामगार म्हणू?”

“म्हणा.” बाप दगड फोडायचा. त्यालाही चालला असता.

वकिलाने शेठला बाहेर व्हरांड्यात नेलं. काचेतून दिसत होतं, वकील हात जोडत होता आणि शेठ पाठमोरा उभा होता. आत आले ते ठरवूनच. पायाचं ऑपरेशन शेठने स्वतःच्या खर्चाने करून द्यायचं, ती घरी असेपर्यंत तिचा पगार चालू, आणि बरी झाली की तिची जागा तिला. पुन्हा कोर्टाच्या पायऱ्या नकोत. बाईंनी तिथेच लिहून घेतलं, सगळ्यांच्या सह्या झाल्या. मी सही करण्याआधी या वेळी पूर्ण वाचून घेतलं, अक्षर लावत लावत. कुणाला घाई असेल तर असू दे म्हटलं.

परत निघालो तेही त्याच गाडीत, दुसरं होतं काय? काशीदला पाहुण्यांची झुंबड, घोडे, उंट, शेठने एकदाही मान वळवून कुणाच्या हॉटेलात किती गर्दी ते बघितलं नाही. म्हणजे किती लागलं होतं ते समजा.

मुरूड गेल्यावर शेजारीणच बोलली. “शेठ, हळू. खड्डा हाय.”

“दिसतोय मला.”

“दिसतोय तर टाळा. आता मला काय झालं तर ते तुमच्यावर हाय. मॅडमनी लिहून दिलंय.”

“ते किचनमध्ये, गाडीत नाही!”

“वकीलसाहेब, गाडीत हाय का न्हाय?”

वकिलाने जरा विचार केला, नि म्हणाला, “भाऊ, तुम्ही हळूच चालवा.”

मग शेठने इतकी हळू चालवली की बैलगाडीवाल्याने पुढे जायला हात केला असता. आगरदांड्याला पोचलो तर बोट धक्का सोडून पाण्यात गेलेली. पुढच्या बोटीला वेळ होता. शेठ उतरून धक्क्यावर उभा राहिला आणि फोनवर, आज माझी जागा धरून बसलेल्या माझ्या जावेला, संध्याकाळच्या रश्शात मीठ किती घालायचं ते सांगू लागला. वकिलाने मला विचारलं, डब्यात काही उरलंय का. मी म्हटलं, उरलंय, पण आता विकत.

शेजारीण झोपली होती. दुखऱ्या पायाची उशी घसरून खाली गेली होती म्हणून तो पाय माझ्या मांडीवर आला होता. चांगलाच जड होता, माझ्या पायाला मुंग्या आल्या. पण मी हलले नाही. हलले असते तर ती जागी झाली असती, आणि बोट येईपर्यंत मला तिचं बोलणं ऐकावं लागलं असतं.